तीन हाका

माझ्या वहिनीला ओ द्यायची भारी सवय होती. भाजीवाल्याची आरोळी आली तरी ती ओ द्यायची. शेजारीण आपल्या बकरीला हाका मारायची आणि आमच्या स्वयंपाकघरातून 'ओ' यायची. टीव्हीवर कुणी कुणाला बोलावलं की पीठ मळता मळता हिचा आवाज निघायचाच. आम्ही हसायचो, आणि सगळ्यांत जास्त मी हसायचे. सुटीत घरी गेले की ओसरीवरून उगाच हाक मारायचे, "वयनी." आतून "ओ." मी गप्प. पुन्हा "वयनी," पुन्हा "ओ." चार-पाच वेळा झालं की ती पिठाच्या हातानं दारात येऊन विचारायची, "काऊन बलावलं, बाई?" मी म्हणायचे, काही नाही, सहज.

ही सवय तिला कधी लागली ते आम्हाला ठाऊक होतं. माझ्या धाकट्या बहिणीला मोहाच्या झाडाखालून वाघानं नेलं, तेव्हापासून.

सावली या तालुक्याच्या गावापासून आत, जंगलाला लागून आमचं गाव. मार्चअखेर मोहफुलं पडू लागली की बायका उजाडता उजाडता वेचायला निघतात. वाकून वेचणारी बाई वाघाला जनावरच वाटते, म्हणून एकटी कुणी जात नाही. दोघींची जोडी लागते. दोघींची झाडं जवळजवळ असतात, पण मध्ये झुडपं. एकमेकी दिसत नाहीत. म्हणून थोड्या थोड्या वेळानं एकीनं हाक द्यायची, दुसरीनं ओ द्यायची. ओ आली नाही तर आणखी दोनदा हाक द्यायची. तिसरी हाकही फुकट गेली तर टोपली तिथंच टाकून जोडीदारणीला पाहायला जायचं. आमच्याकडच्या पोरींना हे परकराच्या वयापासून माहीत असतं.

त्या दिवशी जोडी होती माझी बहीण आणि वहिनी. वहिनीनं गावाला सांगितलं, वनखात्याच्या माणसांना सांगितलं, पंचनाम्यातही तेच लिहिलं गेलं: काही ऐकू आलं नाही, जाऊन पाहिलं तर टोपली उपडी पडलेली. मायनं अन्न सोडलं. वहिनीनं तिला लहान लेकरासारखा घास भरवून जगवलं. तेव्हापासून माय वहिनीच्याच हातचं खायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "एक पोरगी वाघानं नेली, एक देवानं ठेवली." हे ऐकलं की माझ्या अंगाची आग व्हायची. मायच्या हिशेबात दोनच पोरी होत्या, आणि मी त्यांच्यात नव्हते.

मी घुग्घुसला शाळेत शिकवते आणि कथा लिहिते. बहिणीवर मी एक कथा लिहिली. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, तशी त्या कथेतली बहीण गुणांची पुतळी होती. खरी बहीण जिभेची फटकळ होती, समोरच्याला रडवल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नसे. कथेत जंगल होतं, पोट होतं, वाघ होता, आणि शेवटी भावजय रडत गावात येते. माझ्या मते कथा उत्तम होती. संपादकांचा फोन आला. म्हणाले, "वाघ आम्ही रोज पेपरात वाचतो हो. ही भावजय जिवंत परत येते, ती कोण आहे? तिच्या मागे काय आहे? ते तुम्हालाच माहीत नाही, म्हणून तुमच्या कथेला काही म्हणायचंच नाही."

मला ते झोंबलं. पण माणूस खोटं बोलत नव्हता.

होळीच्या सुटीत मी गावी गेले ती ठरवूनच. वहिनी अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. मी शेजारी बसले आणि सूप हातात घेतलं. कित्येक वर्षांत मी त्या घरात सुपाला हात लावला नव्हता. वहिनीला इतकं बरं वाटलं की तिनं माझ्यासाठी चहा टाकला, त्यात दूधही जास्त घातलं. दोन दिवस मी तिच्या माहेरचं, दुखऱ्या कंबरेचं, सगळं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी माय आत झोपली होती, तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वयनी, तुमी सगळ्यायलेच ओ काऊन देता?"

तिचं सूप थांबलं.

"मले हाक आयकू आली होती, बाई," ती म्हणाली. "तिन्ही आयकू आल्या. सकाळी तिनं मले म्हटलं होतं, तुह्या मायनं तुले मोहा वेचाले नाई शिकवलं, नुसतं जेवाले शिकवलं. मले राग होता. म्हटलं, बोंबलू दे. येईल तं येऊ दे, मी बोलन नाई. मंग पानं वाजली. मले पाहाले माह्याकडंच येऊन राह्यली होती ते. अन् मंग पानं वाजनं बंद झालं."

ती लाखोळीत बोटं फिरवू लागली. मग म्हणाली, "कोनाले सांगू नोका. मायले तं नाईच."

मी म्हटलं, नाही सांगणार.

परतीच्या बसमध्ये मला रडू आलं नाही. लाज वाटते, पण मला आनंद झाला होता. कथा सापडली होती. राग नंतर आला, घरी पोचून वही उघडली तेव्हा. माझी बहीण मेली ती वाघामुळे नव्हे, हिच्या रुसव्यामुळे मेली; आणि माय हिच्या हातचं खाते. त्या रागात तीन संध्याकाळींत कथा लिहून झाली. जंगल बाजूला पडलं, पोट बाजूला पडलं, वाघ एका ओळीत मावला. आधी मला कथेतून काय सांगायचंय हे दहा पानं लिहूनही कळत नव्हतं. आता सांगायचं काही उरलंच नव्हतं; तीन हाका आणि पुढची सगळी वर्षं दिलेल्या त्या ओ एकमेकींसमोर ठेवल्या की पुरे होतं. दुसऱ्याच्या वारुळात नागोबा होऊन बसायला कितीसा वेळ लागतो!

एक गोष्ट मात्र मी पदरची घातली. तिसरी हाक आल्यावर कथेतली भावजय तोंडाला पदर लावते आणि हसते. वहिनी हसल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण नुसती रागावलेली बाई वाचकाला समजते, आणि समजली की तो तिला माफ करतो. मला माफी नको होती. संपादकांना नेमकी तीच ओळ आवडली.

कथा दिवाळी अंकात आली. नावं घातली नव्हती. आमच्या गावात दिवाळी अंक कोण वाचतो, असं मी मनाशी म्हणायची सोय ठेवली होती. पण गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी वाचला. गावची लेक छापून आली म्हणून त्यांनी सत्कार ठरवला, आणि दोन दिवस आधी फोन करून विचारलं, "ताई, लोकायले कथा वाचून दाखवतो, चालेल नं?" माय निरक्षर. वहिनी चौथी शिकलेली, अंक बघायचीही नाही. कथा त्यांच्यापर्यंत पोचायला ती एकच वाट होती, आणि ती माझ्या हातात होती. मी म्हटलं, वाचा.

समाजमंदिरात दुपारी गाव जमलं. मायला मोतीबिंदू, म्हणून वहिनी तिचा हात धरून पुढच्या सतरंजीवर बसली होती. मला शाल दिली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. मग सरांनी माइकवर वाचायला घेतलं. पहिल्या पानावर बायका कौतुकानं मान हलवत होत्या, कारण झाड त्यांचं होतं, टोपली त्यांची होती. पहिल्या हाकेला कुजबुज थांबली. दुसऱ्या हाकेला मायनं वहिनीच्या हातातून हात काढून घेतला. सर बिचारे रंगात आले होते. त्यांनी तिसरी हाक अगदी हाक मारल्यासारखी मारली, आणि सवयीनं वहिनीच्या तोंडून बारीक 'ओ' निघाली. सगळ्यांनी ऐकली. पुढचं हसू सरांनी वाचेपर्यंत लोक तिच्याकडेच बघत होते.

घरी आल्यावर मायनं तिला उंबऱ्यातच थांबवलं. "आयकू आलं होतं तुले?"

"आलं होतं."

"अन् तू हासली?"

 वहिनी माझ्याकडे वळली. "बाई," ती म्हणाली. मी शालीची घडी घालत होते. "बाई, तुमी सांगा ना." मी घडी घालत राहिले. "बाई." एवढंच सांगायचं होतं की हसू माझं आहे, मी घातलं. एका वाक्याचं काम. मी मान वर केली नाही. ती घडी मला आजही आठवते; चारपदरी, नीट, कडेला कड लावून घातलेली.

मायनं त्या संध्याकाळी ओसरीवर वेगळी चूल मांडली. डोळ्यांनी दिसत नाही, हात भाजतात, भात कच्चा राहतो, पण सुनेच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. तिच्याशी बोलत नाही. दादा शेतातच जास्त असतो. आणि वहिनीची ओ त्या दिवसापासून बंद झाली. भाजीवाला ओरडतो, बकरीवाली ओरडते, आमचं स्वयंपाकघर मुकं. कुणाला तिच्याशी बोलायचं तर जवळ जाऊन खांद्याला हात लावावा लागतो. कथेला मात्र फार पत्रं आली. भावजयीचं पात्र अस्सल उतरलंय, असं बहुतेकांनी लिहिलं.

यंदा होळीला मी पुन्हा गेले. वहिनी स्वयंपाकघरात लाखोळी निवडत होती. मी समोर बसले. सूप घेतलं नाही. माय मागच्या अंगणात चुलीसाठी काटक्या वेचत होती. बहुधा मोळी उचलेना. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं हाक मारली.

"सूनबाई."

वहिनीची बोटं थांबली. मला वाटलं, ही आता उठेल, रडेल, धावेल, आणि सगळं सुटेल. माझ्या मनात कथेचा शेवटही तयार झाला, असली मी मेली.

"सूनबाई, वो."

मी ओ देऊ शकले असते. पण हाक मला नव्हती, आणि वहिनी काय करते ते मला पाहायचं होतं.

"सूनबाई."

मग अंगणातली वाळली पानं वाजू लागली. माय चाचपडत घराकडे येत होती. वहिनीनं सावकाश पदर तोंडाशी नेला, माझ्याकडे पाहून हसली, आणि मला दिसावं म्हणून पदर पुन्हा खाली घेतला.

"पाहा, बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "हासली मी. आता खरं झालं तुमचं."

पानं दारापाशी येऊन थांबली. माय चौकटीला हात लावून उभी राहिली, आत अंधार असल्यासारखी बघत.

"घरात कोनी हाय का नाई?" तिनं विचारलं.

आम्ही दोघी तिथंच बसलो होतो. कुणीच ओ दिली नाही.