मयत म्हशीच्या फायलीतले तंबू

कचेरीच्या फाटकाबाहेर पत्र्याच्या पेटीवर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारे काका नसते, तर मी आज कोकणात भावाच्या उंबऱ्यावर मान खाली घालून बसलेला असतो. त्यांचं नाव घेत नाही, त्यांना ते खपायचं नाही. पण आधी त्यांना हात जोडतो आणि मग काय झालं ते सांगतो.

मी सातवीत शाळा सोडली आणि या शहरात आलो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. औरंगपुऱ्यात एका मांडववाल्याकडं कामाला लागलो. लग्नसराई नसली की तंबू पडून राहायचे, म्हणून मालकानं ते शाळांच्या सहलींना द्यायला सुरुवात केली. वेरूळ बघून झालं की पोरं कन्नडच्या पुढं जंगलात दोन दिवस मुक्काम करायची. तंबू लावणं, पाणी, चूल, सगळं माझ्याकडं. जागा नदीच्या काठावर, करंजाच्या झाडांमागं. मला तिथं गावच्या पऱ्ह्याची, म्हणजे ओढ्याची, आठवण यायची, ते वेगळं.

मग त्या जंगलाचं राष्ट्रीय उद्यान करायचं ठरलं. आराखडा कचेरीत टांगला गेला. मुक्कामाची जागा नदीवरून उचलून वर माळावर नेली होती. तो माळ म्हणजे सगळा काळा खडक. तिथं खुंटी ठोकली की खुंटीच वाकते, आणि पाणी आणायचं तर पोरांना खाली नदीवरच यावं लागणार. मालक मला म्हणाला, "नदीकाठ गेला की तंबूचं काम गेलं. मग तू गावाकडं गेलेलाच बरा." गावी मी मोठ्या तोऱ्यात सांगून आलो होतो की तिकडं माझं लई चांगलं चाललंय. त्या दिवसापासून मला जेवण जाईना.

हरकतींच्या सुनावणीला भीत भीत गेलो. साहेबांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, नदी कुठं आहे. मी दाखवली. तिथं दोन तुटक रेघा होत्या.

"ही गाडीवाट आहे," साहेब म्हणाले. "तू रस्त्यात तंबू ठोकायची परवानगी मागतोयस."

चूक कुणाचीच नव्हती. मोजणीवाले मे महिन्याच्या शेवटी आले होते. पात्र कोरडं ठणठणीत, त्यांची बैलगाडी त्यातूनच वर गेली. जिथून गाडी गेली ती गाडीवाट. मी सातवी सोडलेला आणि नकाशा काढणारे शिकलेले, त्यामुळं मलाच क्षणभर वाटलं, आपण इतकी वर्षं रस्त्यावर आंघोळ करत होतो की काय.

साहेब चांगला माणूस होता. नदी असल्याचा पुरावा आण, म्हणाला, पुढच्या सुनावणीला बघू. मी तलाठ्याकडं गेलो. त्यानं रहिवासाचा दाखला देतो म्हणून सांगितलं, विहिरीचाही देतो, पण नदीचा नमुना त्याच्याकडं नव्हता. मग मी नदीचं पाणी बाटलीत भरून कचेरीत नेलं. कारकुनानं बाटली उजेडात धरली, हुंगली आणि परत दिली. हे कुठलंही असू शकतं, म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

बाटली हातात धरून बाहेर उभा होतो, तेव्हा काकांनी हाक मारली. "काय रे कोकण्या, कचेरीला पाणी पाजायला आलास व्हय?"

मी सगळं सांगितलं. काकांचे वडील निजामाच्या काळात, पोलिस ॲक्शनच्या आधी, उर्दूत अर्ज लिहायचे, नंतर काका मराठीत लिहायला लागले, पेटी तीच राहिली. लिहिलेल्या प्रत्येक अर्जाची पोचशिक्क्याची प्रत ते त्या पेटीत ठेवायचे. गिऱ्हाईक मेलं तरी प्रत फेकायची नाही, हा त्यांचा नेम. नदीजवळच्या गावाचं नाव ऐकून ते पेटीवरून उठले आणि दोन दिवस त्यांनी कागद उपसले. तिसऱ्या दिवशी सापडला. एका शेतकऱ्याची म्हैस पुरात वाहून गेल्याचा अर्ज. त्याच कचेरीचा शिक्का, आणि खाली मदत मंजूर झाल्याची सही.

दुसऱ्या सुनावणीला काका माझ्यासोबत आले. कागद टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, गाडीवाटेवर म्हैस वाहून जात नाय."

साहेबांनी कागद तीनदा वाचला. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की म्हैस कुठं पडली आणि कुठं सापडली. अर्जात होतं, करंजाच्या रांगेपाशी पडली आणि दोन कोसांवर सापडली. कारकुनानं लगेच नकाशावर निळी पेन्सिल ओढली. बरोब्बर दोन कोस. त्याच्या वर आणि खाली ती गाडीवाटच राहिली, कारण तिथं म्हैस गेल्याचा पुरावा नव्हता. म्हैस जरा खाली पडली असती तर माझे तंबू रस्त्यावरच राहिले असते.

मग साहेबांनी खरा प्रश्न विचारला. जनावरं पाण्यावर येतात, त्यांचं काय? याचं उत्तर मला येत होतं. मी सांगितलं, डोह त्यांना सोडायचा, आपण हाकेच्या अंतरावर वरच्या काठाला राहायचं. पात्रात तंबू लावायचा नाही, पाऊस लांब पडला तरी पाणी येतं. चूल एकच, तीही दिवस मावळायच्या आत विझवायची. माळावर ठेवलं तर पोरं पाण्यासाठी दिवसभर डोहावर खेपा घालतील, मग जनावरांनी कधी यायचं? साहेब लिहून घेत होते. माझं बोलणं कुणी लिहून घेतंय हे मी पहिल्यांदाच बघत होतो. मग मी थांबलोच नाही.

परवानगी मिळाली. पण नदीचा पुरावा म्हशीच्या जुन्या फायलीतला, म्हणून माझं प्रकरण तिलाच जोडलेलं, त्यामुळं आदेशावर विषय आला 'मयत म्हैस'. बदलून मागितलं तर नवीन फाईल उघडावी लागेल आणि नदी पुन्हा सिद्ध करावी लागेल, असं कारकून म्हणाला. मी हात जोडले. आजही दरवर्षी सहलीच्या आधी मी अर्ज करतो, शाळेची अमुक मुलं, संदर्भ मयत म्हैस. नवीन साहेब आला की मला बोलावून दुःख व्यक्त करतो. मी मान हलवतो.

काकांनी ती नदी कधी पाहिलेली नाही. आता गुडघे गेले, सिल्लोडला लेकीकडं असतात. मागं भेटलो तेव्हा म्हणाले, "कागदावर लई पाहिली रे." काका, एका दिवाळीनंतर तुम्हाला खुर्चीसकट उचलून नेणार आहे. करंजामागं तंबू लावीन, प्रत्येक खुंटी माझ्या हातानं ठोकीन, आणि म्हैस पडली त्या जागी तुमचे पाय पाण्यात सोडून बसवीन. अर्ज मी लिहितो, तुम्ही फक्त या.