काळविटाची सोयरीक

शामलानं कॉलेजातली मास्तरकी सोडून लग्नं जुळवायचा धंदा काढला, ही बातमी आमच्या रामदासपेठेत इंदूबाईंनी आणली. शामलाच्या घरी टेलिफोन होता आणि शेजारी इंदूबाईंचे कान. फोनवर शामला कुणाला तरी दटावत होती म्हणे, की रंगरूप राहू द्या, आधी त्याची आई कुठली ते सांगा. झालं! इंदूबाई भाच्याची पत्रिका घेऊन तिच्या दारात हजर.

शामलानं त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, की स्थळ काळविटाचं आहे. भाचा जरा सावळा होता, त्यामुळे इंदूबाईंना ते जास्तच लागलं.

खरी गोष्ट अशी. शामला प्राणिशास्त्र शिकवायची. तिच्या वडिलांचे मित्र मनोहरराव यांची हिंगणा रोडवर बाग होती. तिथं कुंपण घालून मनोहररावांच्या वडिलांनी काळविटांचा कळप राखला होता. पुढे वन्यप्राण्यांचा कायदा आला, तेव्हा वनखात्यानं कळप ठेवू दिला, पण देखरेखीला जाणकार माणूस पाहिजे म्हणाले. तो जाणकार माणूस म्हणजे आमची शामला. रविवार आला की पदर खोचून लुनावर बसायची आणि निघायची.

पाडसं होत होती, पण जगत नव्हती. पाय लुळे, दूध ओढायची ताकद नाही. मनोहररावांच्या मते दृष्ट लागली होती. त्यांनी कुंपणाला लिंबू-मिरची टांगली. हरिणींनी मिरच्या ठेवल्या आणि लिंबू खाल्लं.

शामलाचं म्हणणं वेगळं होतं. मोकळ्या माळावर मायलेकी एकत्र चरतात, पण जाणता नर तरण्या नरांना हुसकून लावतो. ते दूर जाऊन परक्या कळपात घर करतात. कुंपणात हुसकलं तरी जाणार कुठं? कोपऱ्यात वाट पाहत उभे राहतात, आणि म्हातारा थकला की पुढे त्याच बहिणी, त्याच मावश्या. "इथं आजोबा, बाप आणि मामा एकच आहे," असं ती आम्हाला सांगायची आणि आम्ही पदरात तोंड घालून हसायचो. तिला हसू येत नसे. बाहेरचा नर आला नाही, तर हा कळप संपणार होता.

मनोहररावांना ते पटलं. आणि पटल्यावर त्यांनी जे केलं, ते आपल्याकडच्याच माणसाला सुचावं. एका मालगुजाराकडचा, म्हणजे जुन्या जमीनदाराकडचा, नर ठरवून आले, तेही मोठ्या खुशीत. पूर्वी याच कळपातली एक हरिणी त्या मालगुजाराला दिली होती, हा तिचा लेक.

"आपल्या हरिणी याच्या मामाच्या पोरी झाल्या," ते म्हणाले. "हक्काची सोयरीक हाय. याच्याहून चांगलं स्थळ कुठं पाहून राहिली वं तू?"

शामला चिडली नाही. तिनं एवढंच सांगितलं, की तो आत सोडलात तर मेलेली पाडसं पुरायला उद्यापासून दुसरं माणूस बघा. मग वनखात्याच्या मागे लागून तिनं सोलापूरकडच्या माळावरचा नर मागवला. मनोहरराव महिनाभर फुगून बसले.

आज त्या कुंपणात पाडसं उड्या मारतात आणि तेच मनोहरराव पाहुण्यांना "आम्ही आणला" म्हणून तो नर दाखवतात, ते असो. ट्रक आला त्या दिवशी मी तिथं होते. असला तमाशा मी सोडत नाही. पेटी फाटकाला लावलेली, आत नर शिंगं आपटतोय, आणि मनोहरराव किल्ली मुठीत धरून फाटकाला आडवे.

"कोण कुठचा, ना नातं ना गोतं," ते म्हणाले. "अशाले आपल्या पोरी देऊन राहिली काय वं?"

शामलानं किल्लीसाठी हात पुढे केला.

"नातं नाही, तेवढंच पाहून पसंत केला, काका. उघडा."