बांधावरचं वजन

"हालतंय अजून," दादा म्हणायचे. हॉटेलात चहा समोर आला की आधी टेबल दोन्ही हातांनी हलवून बघायचे, पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारायचे आणि मगच पहिला घोट घ्यायचे. तोवर त्यांचा स्वतःचा पाय मात्र टेबलाखाली शिवणयंत्रावर ठेवल्यासारखा नाचत असायचा. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल, दोन मिनिटं एका जागी बसवलं तर अंगात ताप भरल्यासारखा होणारा.

उरणला माझा फोटो स्टुडिओ. फोटो मी काढायची, व्हिडिओ दादा. ते माझ्या नात्यातले नव्हेत, सगळं गावच त्यांना दादा म्हणायचं. लग्नं, साखरपुडे, होड्यांच्या पूजा, शाळांची गॅदरिंग, सगळं आम्ही जोडीनं केलं. दादांकडे अंगावर घालायचा एक हलका स्टॅबिलायझर होता. छातीला जॅकेट, त्यातून पुढे आलेला स्प्रिंगचा हात, त्या हातावर उभा दांडा. दांड्याच्या वर कॅमेरा, खाली वजनं. माणूस चालला तरी चित्र हालत नाही.

जॅकेटची बक्कलं लागली की हा चुळबुळ्या माणूस एकदम शांत व्हायचा. नवरानवरीसमोर उलटं चालताना त्यांना मागचं दिसायचं नाही. मग मी त्यांच्या पाठीला पाठ करून वाटेकडे तोंड करायची आणि एक हात मागे नेऊन त्यांचा कमरेचा पट्टा धरायची. खरं सांगायचं तर त्यांच्या चेहऱ्यापेक्षा मला त्यांची पाठच जास्त ओळखीची.

एकदा मुंबईहून माहितीपट करणारी मंडळी आली; इथल्या मदतीला त्यांनी आम्हाला घेतलं. गावाबाहेरचं एक मिठागर भराव टाकून बुजवणार होते. त्याआधी तिथलं शेवटचं मीठ त्यांना टिपायचं होतं. दादांचे वडील जन्मभर त्याच मिठागरात राबलेले. दादा एकोणिसाव्या वर्षी ते काम सोडून कॅमेऱ्यामागे गेले. "वजन उचलाया नको म्हणून पळालास," असं त्यांचे बाबा तेव्हा म्हणाले होते आणि त्यानंतर दोघांत बोलणं जवळजवळ संपलंच होतं.

दिग्दर्शिकेला हवं होतं ते एवढंच: डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बाबा बांधावरून चालत येतायत आणि कॅमेरा त्यांच्यासमोर तसाच मागे सरकतोय. पण बांध जेमतेम दीड फुटाचा, दोन्ही बाजूंना खारं पाणी. त्यांच्याबरोबर आलेल्या कॅमेरामनचा स्टॅबिलायझर मोठा आणि अवजड. त्यानं बांधावर एक पाय टाकला, माती ढासळली, तसा तो मागे फिरला. "जमणार नाही," म्हणाला.

दादांचा पाय नाचायला लागला होता. "माझ्या दांड्यावर लावा कॅमेरा."

"तुमचा स्प्रिंगचा हात या कॅमेऱ्याच्या निम्मंच वजन घेतो हो," मुंबईचा कॅमेरामन म्हणाला.

"मग कॅमेरा निम्मा करू."

आणि ते कॅमेरा सोलायला बसले. वरची मूठ काढली, बाजूच्या पट्ट्या काढल्या, मोठी लेन्स उतरवून छोटी लावली. मागची जड बॅटरी काढून दांड्याच्या खालच्या टोकाला बांधली, म्हणजे तिथं वेगळं वजन कमी लागेल. दांडा लांब केला. मग दांडा आडवा धरून सोडून दिला. कॅमेरा सावकाश वर यायला हवा, तर दांडा झपकन उभा झाला. "हालतंय." खालच्या वजनातली एक चकती काढली. पुन्हा आडवा, पुन्हा सोडला. मधेच उठून बांधावरून येरझाऱ्या घालून यायचे. ऊन चढत होतं. मीठ डोळ्यांत खुपेल इतकं चमकायला लागलं होतं. दिग्दर्शिका सारखी घड्याळ बघत होती.

दांडा जमला, पण सगळं अंगावर घेतलं की दादांचा तोल पुढे जायचा. बाबा इतका वेळ उकिडवे बसून बघत होते. ते उठले.

"काय करतंस तू?"

"वजन मधी येत न्हाय, बाबा."

बाबा त्यांच्याभोवती एक फेरी मारून आले. एक तळवा पोराच्या छातीवर, दुसरा कमरेवर ठेवला. "छाती काढून उचलतंस. वजन पुढं हाय, तर तू जरा मागं व्हय. कंबर त्याच्या खाली आण. भांडू नको त्याच्याशी." मग त्यांनी पट्टा एक भोक आवळला.

कॅमेरा सुरू झाला. बाबा पाटी घेऊन येत होते, दादा मागे मागे, आणि मी वाट धरून. निम्म्या बांधावर माझ्या हातातल्या पट्ट्याला एक हिसका बसला. आतून काहीतरी सुटल्यासारखा. त्यांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.

"दादा, थांबू?"

"चल."

उरलेला बांध संपला, बाबांनी राशीवर पाटी ओतली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा मात्र तसेच उभे. त्यांना वाकून बक्कल काढता येईना. चेहरा मिठासारखा पांढरा.

बाबांनी भेगाळलेल्या बोटांनी बक्कलं सोडवली. "कवा लागलं?"

"मधी."

"मग सोडलं का न्हाय?"

"तुझ्या डोक्यावर पाटी होती ना."

बाबांनी खांद्यावरचा पंचा काढून दादांच्या तोंडावरचा घाम पुसला, लहान मुलाचा पुसावा तसा.

मणका सरकला होता. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जॅकेट कायमचं बंद केलं. दादा स्टुडिओत एडिटिंगला यायला लागले, पण बसवेना आणि उभंही राहवेना. दारापर्यंत जायचे, परत यायचे. मी चिडून म्हणायची, "अहो, जरा टेका." ते हसायचे आणि पुन्हा दाराकडे. मिठागर बुजल्यावर बाबाही घरात तसेच येरझाऱ्या घालत. शेवटी दादांच्या श्रीवर्धनच्या बहिणीनं दोघांनाही आपल्या सुपारीच्या वाडीत नेलं.

गेल्या हिवाळ्यात मी भेटायला गेले. सकाळी दोघं किनाऱ्यावर होते. दादा छातीभर पाण्यात एकटे चालत होते, जॅकेट घातल्यासारखे शांत, या टोकाकडून त्या टोकाकडे. डॉक्टरांनीच सांगितलं होतं म्हणे, पाण्यात पाठ दुखत नाही. बाबा वाळूत बसून त्यांच्यावर नजर ठेवून होते.

"किती वेळ चालतात?" मी विचारलं.

"मी हाक मारीपर्यंत," बाबा म्हणाले.

ऊन तापलं. बाबांच्या मांडीवर दादांचा कोरडा शर्ट होता. त्यांनी तो उचलून झटकला, उलगडला, पुन्हा घडी केली. हाक काही मारली नाही.