फक्त भाड्याने, विक्रीसाठी नाही

"फुंकू नका!"

आमच्या शेजाऱ्यांची नि माझी ओळख या दोन शब्दांनी झाली. फ्रीमाँटमध्ये त्यांच्या दाराला लागूनच आमचं दार. नवीन राहायला आलो म्हणून चहाला गेलो. टीव्हीखाली एक जुनं गेमचं मशीन दिसलं. त्याची कॅसेट उचलली आणि पोरं करतात तशी तिच्या खाचेत सणसणीत फुंकर मारली. गृहस्थ आतून असे धावत आले, की मला वाटलं घराला आग लागली.

"थुंकी जाते आत! गंज चढतो! कोणी शिकवलं तुम्हाला हे?"

चहा मिळाला. पण बशी आपटून.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांना राग येत नाही, राग त्यांच्याकडे राहायलाच असतो. यांचा राग मूळचा नागपूरचा, उन्हाळ्यासकट अमेरिकेत आलेला. सगळं जग नव्या मशीनवर खेळत होतं आणि हे त्या जुन्या मशीनच्या कॅसेट जमवत होते. त्यातल्या काही कॅसेट कंपनीने कधी विकायला काढल्याच नाहीत. व्हिडिओच्या दुकानांतून त्या फक्त भाड्याने मिळायच्या. आमच्या शेजाऱ्यांना हव्या होत्या नेमक्या त्याच.

"विकणार नाही म्हणे! अरे, मी काय तुमची मुलगी मागायला आलोय?"

ठिकठिकाणची दुकानं बंद होताना त्यांनी बाकीच्या सगळ्या मिळवल्या. राहिली एक. ती आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात होती. दर शुक्रवारी ते ती भाड्याने आणत आणि मंगळवारी परत देत. खेळत नसत. "चार दिवस तरी पोरांच्या हातात पडत नाही," म्हणायचे. उरलेले तीन दिवस धुसफुसत काढायचे.

आम्ही ऑफिसला त्यांच्या गाडीतून एकत्र जायचो. एकदा मी सहज म्हटलं, "हरवली म्हणून सांगा ना. दंड भरा, विषय संपला."

त्यांनी गाडी फ्रीवेच्या कडेला घेतली. हो, खरोखर घेतली.

"उतरा."

"अहो, इथे कुठे उतरू?"

"खोटं बोलून आणलेली वस्तू मी शेल्फवर ठेवू? रोज तिचं तोंड बघू? चोर वाटलो का मी तुम्हाला, यार?"

उतरवलं नाही. पण ऑफिस येईपर्यंत रेडिओसुद्धा लावला नाही.

मग दुकान बंद होणार असल्याची पाटी लागली. शेवटच्या शनिवारी भाड्याच्या वस्तूंसकट सगळं विकून टाकणार होते. आणि नेमकं त्याच शनिवारी यांना कंपनीने कामासाठी ओहायोला धाडलं. निघण्याआधी कंपनीचा उद्धार झाला, ओहायोचा झाला. मग मला त्या गेमचं नाव तीनदा म्हणायला लावलं. "आणि धरायची ती कडेने!"

शनिवारी मी रांगेत पहिला. कॅसेट घेऊन वाजतगाजत घरी आलो. पण काय तिची दशा! दुकानाची मळकी पिवळी पट्टी, त्यावर बारकोड, कडेने काळा पडलेला गोंद. असली वस्तू कुणाच्या हातात द्यायची? आता आपल्याकडे नव्या स्टीलच्या डब्यावरचं लेबल कसं काढतात? आम्ही नवरा-बायकोने तेच केलं. खोबरेल तेल चोळलं, अर्धा तास मुरू दिलं, नखाने हलकेच सोललं, मऊ फडक्याने पुसलं. कॅसेट अशी चकाकली, जणू कालच कारखान्यातून आली.

परतल्यावर त्यांनी ती हातात घेतली. उलटीसुलटी केली. नाकाशी धरली.

"पट्टी कुठाय?"

"काढली!" मी छाती फुगवून.

"त्यावर लिहिलं होतं, फक्त भाड्याने, विक्रीसाठी नाही! तोच तिचा पुरावा होता! आता कोण म्हणेल ही त्या दुकानातली? आणि तुम्ही तिला तेल लावलंत? डोक्याला लावा ते!" समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. मग माझ्या बायकोकडे वळून, त्याच चढ्या आवाजात, "वहिनी, तुम्ही बसा! तुमचा काही दोष नाही!"

पाच महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. गाडीतून मात्र रोज नेलं. जाताना चाळीस मिनिटं, येताना चाळीस, आणि एक शब्द नाही.

पुढे त्यांची नोकरी गेली आणि नागपूरला परतायचं ठरलं. सामान बांधताना त्यांनी मला बोलावून घेतलं. प्रत्येक कॅसेट वेगळ्या कापडात गुंडाळलेली. आमच्या कॅसेटशेजारी एक टाइप केलेला कागद.

"सही करा."

मी वाचलं. 'ही कॅसेट फ्रीमाँटच्या दुकानातून भाड्याने दिली जात असे. तिची मूळ पट्टी माझ्या मित्राने प्रेमापोटी आणि अज्ञानापोटी खोबरेल तेलाने काढली. वस्तू अस्सल आहे.'

मी 'मित्राने' या शब्दाशी अडलो.

"वाचत काय बसलात? सही!"

केली. नजर अजून त्याच शब्दावर होती.

"वाकडी आलीय," ते ओरडले आणि त्यांनी दुसरा कागद पुढे सरकवला. त्याखाली आणखी पाच होते. "ठाऊकच होतं मला, एकात जमणार नाही तुम्हाला."