नेफिसेची यासीन

१९२४ साली ग्रीस आणि तुर्कस्ताननं धर्म बघून माणसं बदलून घेतली. क्रीट बेटावरची मुसलमान नेफिसे तुर्क ठरली, बोटीनं तुर्कस्तानातल्या बोद्रुम गावी आली. पण ती बोलायची फक्त ग्रीक, तुर्कीचं अक्षर येत नव्हतं. शेजारीण हाजेर विहिरीवर नाक मुरडायची, "आली अर्धी काफर! गोगलगायी खाते मेली."

हाजेरची सासू वारली, तेव्हा मयतासाठी कुराणातली यासीन म्हणणारी बाई तापानं फणफणली होती. दुसऱ्या कुणालाच ती पाठ नव्हती. कोपऱ्यातली नेफिसे पुढं सरकली अन् तिनं लहानपणी पाठ केलेली अख्खी अरबी यासीन न अडखळता म्हटली.

हाजेरनं तिला मिठीच मारली. "अगं, तू तर आमचीच!" तुर्की शब्द कळले नाहीत, पण बोटीतून उतरल्यापासून नेफिसेनं पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

पुढच्या पावसानंतर हाजेर गोगलगायींची टोपली घेऊन दारात उभी. "घे बाई, खा," ती नाक दाबून म्हणाली, "पण दार लावून शिजव!"