राघूने भरलेले गाल

निरगुडसरच्या राघूच्या हाती गेला की मेलेला माणूससुद्धा बाळसं धरायचा. गेलेल्या वाडवडिलांचे अर्धपुतळे लोक शेताच्या कडेला बसवत, ते घडवायचा हा त्याचा धंदा. जन्मभर भाकरी-ठेच्यावर काढलेल्या म्हाताऱ्याला तो असे गुबगुबीत गाल द्यायचा, की घरचे म्हणत, "आमचं आबा इतकं देखणं व्हतं, हे आत्ता कळलं!"

१९९८ साली पुण्याच्या एका कंपनीचे साहेब त्याच्याकडे आले. खडी क्रशरवरच्या मजुरांसाठी त्यांना धूळ अडवणारे रबरी मास्क बनवायचे होते आणि ते तपासायला माणसासारखं घडवलेलं डोकं हवं होतं. दोनशे मजुरांचे चेहरे मोजून काढलेल्या मापांचा कागद त्यांनी राघूपुढे ठेवला. डोक्याला मास्क घालून पेटीत ठेवायचं, पेटीत मिठाचा धूर सोडायचा, तोंडातल्या नळीने श्वास ओढायचा आणि किती धूर आत शिरतो ते बघायचं.

राघू हरखला. त्याचा साडू जानकू आळेफाट्याच्या क्रशरवरच होता आणि खोकून खोकून निम्मा झाला होता. मास्क जमला तर साडू वाचेल, एवढंच राघूच्या मनात होतं.

डोकं झकास उतरलं. फक्त कागदावरचे खोल गाल त्याच्या हाताला काही पटेनात. "उपाशी ठेवल्यावानी दिसतंय बिचारं," म्हणत त्याने ते अंमळ भरले. साहेबांनी लांबी-रुंदी मोजून मान डोलावली. मास्क त्या डोक्यावर इतका चपखल बसला, की धूर आत जाईना.

महिन्याभराने जानकू क्रशरवर वाटलेला मास्क लावूनच दारात उभा राहिला. काढला तर आत मिशा धुळीने पांढऱ्याफेक.

"पावणं, डोकं लई झ्याक केलंय तुमी. माजंच थोबाड चुकलं."

दाढा पडून बसलेल्या त्या गालांशी रबराला चांगली बोटभर फट राहत होती. राघूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने साहेबांना फोन करून चूक कबूल केली, शिव्या खाल्ल्या आणि साडूला समोर बसवलं. कागदावरचे आकडे तंतोतंत त्याच्या तोंडावर होते.

"पुतळं मेलेल्याचं करत्यात, राव! मी अजून च्या प्यायचोय!"

राघूने चहा पाजला, नवं डोकं घडवायला घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गालांतून शाडू खरवडून काढला. डोकं ओट्यावर वाळत ठेवलं, तर शेजारच्या तुकाबाईने ते पाहून हंबरडाच फोडला. तिला पाणी द्यायला जानकूच धावला, तेव्हा ती आणखीच किंचाळली.

नव्या डोक्यावर तपासलेले मास्क पावसाळ्याआधी क्रशरवर पोचले. पहिल्याच दिवशी जानकू तसाच राघूकडे आला, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा नखशिखांत पांढरा. त्याने मास्क काढला. मिशा काळ्याभोर होत्या.

राघूला रडूच फुटलं.

"रडताय काय?" जानकू म्हणाला. "मी मेल्यावर मातर गाल भरा बरं का माजं."

"भरतो की," राघू डोळे पुसत म्हणाला. "पन त्याला आता लई वर्सं थांबावं लागंल तुमाला."