बंदरातली हाळी

दर रविवारी मी लोणावळ्याहून उठून मुंबईला जहाजांचे फोटो काढायला जाते, हे आमच्या घरात कुणालाच पटत नाही. "दाराशी धरण काय कमी आहे?" असं नवरा म्हणतो. म्हणू दे! मला गंज, साखळदंड आणि घामेजलेली माणसं लागतात. भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याला जाणाऱ्या लाँचमधून ती अगदी जवळून दिसतात.

एका सोमवारी आमच्याकडे दूध घालणाऱ्या वलवणच्या मावशी आल्या. त्यांचा मुलगा जहाजावर खलाशी. मावशी फटकळ; त्याला 'मुडद्या' म्हटल्याशिवाय त्यांचा फोन सुरू व्हायचा नाही. आज मात्र ती शिवी तोंडात नव्हती.

"ताई, आठवडा झाला, त्याचा फोन लागत न्हाई. पुतण्या मोबाइलवर जहाज कुटं हाय त्ये दावायचा, आता त्ये बी दिसंना. तुमच्या फोटूत हाय का बघा."

जगात जहाजं काय थोडी आहेत? पण नाही कसं म्हणायचं? लॅपटॉप उघडून कालचे फोटो दाखवायला लागले. मावशी प्रत्येकाला "न्हाई" म्हणत होत्या, आणि दर वेळी आवाज खोल जात होता.

मग एका जहाजाची मागची बाजू आली. दोरांवर लोंबणाऱ्या फळीवर बसून एक पाठमोरा माणूस जहाजाचं नाव रंगवत होता. मावशींनी पडद्यावर बोट टेकवलं.

"डावा हात बघा. जेवताना त्या हातावर लय मारलंय म्या."

"अहो, डावखुरे काय एकटेच असतात?" मी बोलून गेले आणि जीभ चावली. फोटो मोठा केला. नव्या रंगाखाली जुन्या नावाची वेल्डिंगची अक्षरं फुगून दिसत होती. जहाज विकलं की नाव बदलतात, तसं झालं होतं. पुतण्याला फोन करून अक्षरं वाचून दाखवली, तर तो ओरडलाच, "तेच जहाज!" बिचारा जुन्या नावानेच शोधत बसला होता.

"मग फोन का करत न्हाई त्यो?" मावशी उठल्या. "मला तितं न्या."

दुसऱ्या दिवशी लाँचमधून जहाज दिसलं. फळी आता जहाजाच्या बाजूला टांगलेली, तिच्यावर तीच पाठ. मावशी हाका मारून दमल्या, पण इंजिनापुढे कोण ऐकतंय? लाँचवाला म्हणाला, थांबता येणार नाही. जहाज मागे पडायला लागलं. मी त्याच्याशी भांडायला उठले, तेवढ्यात मावशींनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाळी दिली. धरणापलीकडे गुरांमागे गेलेल्या पोराला देतात तशी, उंच आणि लांबलचक. सगळी लाँच वळून बघायला लागली. लाँचवाल्याने आपणहून इंजिन बारीक केलं.

फळीवरचा ब्रश थांबला. तो वळला.

"आये! फोन पाण्यात पडला! नंबर पाठ न्हाई कुणाचाच!"

मावशींनी पदराने डोळे पुसले आणि आठवडाभर तोंडाला न आलेली शिवी अख्ख्या बंदराला ऐकू जाईल अशी हासडली.

"मुडद्या!"